रामू नसताना: एका जपानी बास्केटबॉल संघाचं प्रकरण

डिसेंबर 2020. जपानच्या महिला बास्केटबॉलमधला सम्राज्ञी चषक चालू होता. उपांत्यपूर्व फेरीत एनिओस सनफ्लॉवर्सच्या सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, उजवा गुडघा गेला. तपासणीत कळलं की लिगामेंट फाटलंय, खेळाडू ज्याला नुसतं ‘एसीएल’ म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात, ते. त्याच आठवड्यात तिच्या संघाने तिच्याशिवाय तो चषक जिंकला, सलग आठव्यांदा. आणि तीन महिन्यांनी, मार्च 2021 मध्ये, हाच संघ लीगच्या अंतिम फेरीत टोयोटा कंपनीच्या संघाकडून हरला. त्याआधी लीग पूर्ण खेळली गेली असे सलग अकरा हंगाम त्यांनी जिंकले होते.

डिसेंबरमध्ये जे जमलं ते मार्चमध्ये का नाही जमलं? या प्रकरणात मला रस आहे तो एवढ्याचसाठी. ‘मुख्य खेळाडू जखमी झाली म्हणून हरले’ हे उत्तर अर्धंच आहे. चषकाच्या अंतिम सामन्यातही ती नव्हतीच, आणि समोर टोयोटाच होतं.

आधी ती कोण, ते सांगतो. रामू तोकाशिकी. रामू म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातले रामूकाका उभे राहणार, त्याला इलाज नाही. जपानीत ते नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘येणे’ आणि ‘स्वप्न’. जन्म 1991 चा, वाढली तोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांतातल्या कासुकाबे शहरात. उंची 193 सेंटिमीटर. मैदानावर मात्र तिला रामू कोणी म्हणत नाही, ‘ताकु’ म्हणतात. जपानी मुलींच्या बास्केटबॉलमध्ये ही एक गंमतशीर रीत आहे. संघात आलेल्या प्रत्येकीला एक मैदानी नाव मिळतं, पळता पळता एका दमात ओरडता येईल असं. हायाशी साकी म्हणजे ‘किकी’, मियाझाकी साओरी म्हणजे ‘युरा’, आणि मियाझावा युकीचं नाव चक्क ‘अर्थ’, इंग्रजीतली पृथ्वी. आपल्याकडे कबड्डीच्या संघात बारशाचं नाव कुणाला माहीत नसतं, तसलाच प्रकार, फक्त इथे तो रीतसर.

193 सेंटिमीटर ही उंची अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये चांगली समजली जाते, जगावेगळी नाही. 2015 ते 2017 असे तीन उन्हाळे ती सिअॅटल स्टॉर्मकडून तिथे खेळली आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदितांच्या संघात निवडली गेली. थंडी सुरू झाली की परत जपानमध्ये. तिकडे ती अनेक चांगल्या फॉरवर्डपैकी एक होती. जपानच्या लीगमध्ये मात्र तिची गोष्टच वेगळी होती, कारण त्या काळात तिथले संघ परदेशी खेळाडू आणत नसत. पुरुषांच्या जपानी लीगमध्ये प्रत्येक संघाकडे दोन-तीन परदेशी धिप्पाड गडी असतात, त्यामुळे उंचीचं पारडं आपोआप समतोल होतं. बायकांच्या लीगमध्ये तशी सोय नव्हती. जपानमध्ये जन्मलेली किंवा वाढलेली जी उंच मुलगी तुमच्याकडे आहे, ती आहे. नाही, तर नाही. एक तोकाशिकी एका संघाकडे असेल, तर उरलेल्या अकरा संघांकडे तिचं उत्तर विकत घ्यायला दुकानच नाही.

2010 साली नागोयाच्या ओका गाकुएन या शाळेतून ती थेट या संघात आली. ही शाळा म्हणजे जपानी महिला बास्केटबॉलची तालीम. राष्ट्रीय संघाची अनेक वर्षांची आधारस्तंभ माकी ताकादाही तिथलीच. पहिल्याच हंगामात तोकाशिकीला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान मिळाले. आल्या आल्या घरची किल्ली कमरेला लावणारी सून असते ना, तसं.

संघाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘व्यावसायिक संघ’ म्हटल्यावर जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, ते इथे बसत नाही. एनिओस ही पेट्रोल विकणारी कंपनी, जपानमधली सगळ्यात मोठी. संघ हा तिचा. प्रतिस्पर्ध्यांची नावं बघा: टोयोटा, देन्सो, फुजित्सू, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, हिताची, शांसों ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. खेळाडूंपैकी अनेक जणी या कंपन्यांच्या कर्मचारी असतात आणि खेळणं संपल्यावर काहींची नोकरी चालू राहते. मुंबईत कबड्डीत महिंद्र, एअर इंडिया अशा नावांचे संघ ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. फरक इतकाच की जपानमध्ये देशाचा अव्वल महिला बास्केटबॉल बहुतांशी याच पायावर उभा आहे. कंपनी विलीन झाली की संघाचं नाव बदलतं. सनफ्लॉवर्स आधी जोमो होते, मग जेएक्स, मग जेएक्स-एनिओस, 2020 पासून नुसते एनिओस. सूर्यफूल तेवढं कायम. आणि कंपनीच बुडाली तर? जपान एअरलाइन्स 2010 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचा ‘रॅबिट्स’ हा नावाजलेला संघ पुढच्याच वर्षी बंद झाला. निइगाता शहराच्या एका क्लबने तो वारसा उचलला म्हणून ससे वाचले. हे विषयांतर आहे, पण या लीगमधली स्थिरता कशावर टेकलेली असते ते त्यातून कळतं.

सनफ्लॉवर्सची कंपनी बुडणाऱ्यांतली नव्हती. चिबा प्रांतातल्या काशिवा शहरातला हा संघ 2008-09 पासून जो जिंकायला लागला तो थांबेचना. त्याआधीचं विजेतेपद फुजित्सूचं. नव्वदच्या दशकात शांसोंने सलग दहा विजेतेपदं मिळवली होती, तो विक्रम सनफ्लॉवर्सने 2018-19 मध्ये मोडला. 2016-17 मध्ये टॉम होव्हासे हे अमेरिकन प्रशिक्षक असताना तर संघ लीगमध्ये एकही सामना हरला नाही. होव्हासे स्वतः तरुणपणी जपानमध्ये टोयोटाकडून खेळलेले, जपानी अस्खलित बोलणारे. त्यानंतर लगेच ते महिलांच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2017 च्या जुलैमध्ये आशिया चषक जिंकला, ऑस्ट्रेलियाला 74-73 असं एका गुणाने हरवून. हा सामना आपल्या बंगळुरूत झाला होता. भारत तेव्हा त्याच स्पर्धेच्या खालच्या विभागात खेळत होता, त्यामुळे आपल्या वर्तमानपत्रांनी त्या अंतिम सामन्याकडे फारसं बघितलं नाही.

आता अकरा विजेतेपदांचं गणित. तोकाशिकी 2010 मध्ये आली, म्हणजे पहिली दोन तिच्याविना. तेव्हा संघाची मुख्य खेळाडू होती युको ओगा, मैदानी नाव ‘शिन’, 2008 मध्ये अमेरिकेच्या लीगमध्ये फिनिक्सकडून खेळून आलेली गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी. ही ओगा नंतर चीनमध्ये गेली, तिथून परतल्यावर टोयोटात, आणि खेळणं संपल्यावर पुढे टोयोटाचीच मुख्य प्रशिक्षक झाली. सनफ्लॉवर्स कसे जिंकतात हे आतून पाहिलेलं माणूस शेजारच्या वाड्यात जाऊन बसलं, असं म्हणा ना. जपानी कंपनी-संघांतल्या मुली संघ बदलत नाहीत, असा एक समज आहे. बदलतात. आणि या प्रकरणात ते बदलणं महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.

2019-20 चा हंगाम कोविडमुळे मध्येच थांबला, विजेता कोणी नाही. त्याच कारणाने तोक्यो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं. ते 2020 च्या उन्हाळ्यात झालं असतं, तर तोकाशिकीचा गुडघा धड होता. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं होतं, कारण ‘असतं तर’ला अंत नाही. पण ते वगळून हे प्रकरण सांगता येत नाही.

मग आला तो डिसेंबर.

नॉकआउट स्पर्धेत मध्येच तुमची 193 ची सेंटर गेली तर काय करायचं? सनफ्लॉवर्सकडे फार पर्याय नव्हते, कारण आत, म्हणजे बास्केटजवळ, खेळणाऱ्या उंच खेळाडूंपैकी आणखीही काही जणी जायबंदी होत्या. त्यांनी जे केलं ते नाइलाजातून आलं, पण नेमकं होतं. मियाझावा युकी ही एकशे ऐंशी सेंटिमीटरच्या थोडी वरची, मुळात बाहेरून तीन गुणांच्या फेकी मारणारी. तिने आत लढायचं. हायाशीने बाहेरून फेकत राहायचं. अनुभवी गार्ड सायाका ओकामोतो आणि वाऱ्यासारखी पळणारी मियाझाकी यांनी चेंडू थांबू द्यायचा नाही. एरवी या संघाचा खेळ कसा असे? चेंडू आत तोकाशिकीकडे, बाकीच्या तिच्याभोवती. दोघी तिच्यावर धावल्या की बाहेर कुणीतरी मोकळी, तिला पास. आता तो खांबच नव्हता, म्हणून सगळा मंडप हलता ठेवावा लागला.

टोयोटाच्या बाजूने पाहिलं तर त्यांची पंचाईत समजते. त्या वर्षी त्यांनी स्पेनच्या महिला संघाचे प्रशिक्षक लुकास मोंदेलो यांना आणलं होतं, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्पेनला रौप्यपदक मिळवून दिलेले. तयारीत ते कमी पडणारे नव्हेत. पण वर्षानुवर्षं सनफ्लॉवर्सविरुद्धची तयारी म्हणजे तोकाशिकीविरुद्धची तयारी असायची. तिला चेंडू मिळू द्यायचा नाही, मिळाला तर दोघींनी घेरायचं, रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू घेताना, तिला अडवायचं. हातात चार दिवस असताना अचानक समोर भलताच संघ उभा राहिला. पेपरसाठी रात्रभर जागून पाठांतर करावं आणि सकाळी विषयच बदललेला असावा, तसं टोयोटाचं झालं असावं. हा माझा अंदाज आहे, कोणाच्या मुलाखतीतला दाखला नाही. पण हा अंदाज धरला तरच डिसेंबर आणि मार्च या दोन्ही निकालांची संगती लागते.

सनफ्लॉवर्सचा हा पंचविसावा सम्राज्ञी चषक. सगळीकडे कौतुक झालं ते याचंच, की ताकु नसतानाही जिंकल्या. त्या कौतुकात एक धोका होता. एकदा जिंकल्यावर ‘तिच्याशिवायही आपलं चालतं’ असं वाटायला लागतं, आणि बाहेरच्यांनाही तेच वाटतं.

मार्चपर्यंत टोयोटाने हा नवा संघ पुरेसा पाहिला होता. आता तयारी मियाझावासाठी, हायाशीसाठी होती. शिवाय टोयोटाकडे आत खेळणाऱ्या स्टेफनी आणि एव्हलिन या मावुली बहिणी होत्या. वडील घानाचे, दोघी जपानमध्ये वाढलेल्या, अंगापिंडाने भक्कम. जोडीला मोएको नागाओका. तोकाशिकी असती तर या तिघींना बचावातच गुंतून पडावं लागलं असतं. ती नव्हती, त्यामुळे समोरच्या बुटक्या खेळाडूंवर त्या चाल करून जाऊ शकत होत्या. बास्केटबॉलमध्ये उंच खेळाडूचा सगळ्यात मोठा उपयोग गुणफलकावर दिसत नाही. समोरचीने जी फेक करायचीच टाळली, तिची नोंद कुठे होत नाही. सनफ्लॉवर्सच्या बास्केटखाली अकरा वर्षं जी भीती उभी होती ती अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत नव्हती.

आणि पायांचाही प्रश्न होता. पाच-सहा दिवसांची स्पर्धा धावून काढता येते. त्या धावण्यावर अख्खा हंगाम काढायचा म्हणजे रोज रिक्षाचं मीटर चालू ठेवून दारात उभी करण्यासारखं. जपानी लीगमध्ये शनिवार-रविवार लागोपाठ त्याच संघाशी दोन सामने असतात. आज जे फसवलंत ते उद्या फसत नाही. अंतिम फेरीतही लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही सामने टोयोटाने घेतले. प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, सर्वोत्तम खेळाडू ठरली त्यांची गार्ड शिओरी यासुमा, ओकिनावाची. नंतर ती जर्मनीला खेळायला गेली. टोयोटाचं हे पहिलंच लीग विजेतेपद.

काही जण हे सगळं मोंदेलो यांच्या खात्यावर जमा करतात. ते मला पटत नाही. मोंदेलो डिसेंबरमध्येही बाकावर होतेच. त्यांनी टोयोटाला धीर धरायला शिकवलं असेल, पण दार उघडलं ते गुडघ्याने.

आता ऑलिंपिक. स्पर्धा जुलैअखेर सुरू होणार, दुखापत डिसेंबरमधली, म्हणजे मध्ये सात महिने. तोकाशिकी त्याच जूनमध्ये तिशीची झाली. शस्त्रक्रियेनंतर इतक्या लवकर उडी मारून एका पायावर उतरण्याचा भरवसा देणं सेंटरसाठी फार अवघड. तुलनेसाठी नाको मोतोहाशी हिचं उदाहरण आहे. तोक्यो हानेदा व्हिकीजची ही छोटी गार्ड 2019 च्या आशिया चषकाची सर्वोत्तम खेळाडू होती. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तिचाही एसीएल फाटला. ती ऑलिंपिकच्या बारा जणींत आली. तोकाशिकी नाही आली. जेमतेम महिन्याचा फरक, शिवाय एक जमिनीलगत खेळणारी आणि दुसरी हवेत.

पुढे जे झालं ते बहुतेकांना माहीत आहे. होव्हासेंचा जपान त्या स्पर्धेतल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी एक होता. पाचही जणी बाहेर पसरायच्या, पळायचं आणि तीन गुणांच्या फेकी मारायच्या. उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्ध शेवटच्या पंधरा-सोळा सेकंदांत हायाशीने, म्हणजे आपल्या ‘किकी’ने, तीन गुण मिळवले आणि जपान 86-85 असा जिंकला. उपांत्य फेरीत 162 सेंटिमीटरच्या रुई माचिदाने फ्रान्सविरुद्ध एका सामन्यात 18 असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले, ऑलिंपिकमधला विक्रम. सामना 87-71. अंतिम फेरीत अमेरिकेने 90-75 असं हरवलं. रौप्यपदक. जपानच्या बास्केटबॉलचं, पुरुष-बायका धरून, पहिलं ऑलिंपिक पदक.

इथे एक सोपा निष्कर्ष लोक काढतात: तोकाशिकी नव्हती म्हणून जपान मोकळेपणाने खेळला, असती तर चेंडू तिच्यापाशी अडला असता. ऐकायला छान आहे. पण होव्हासेंनी ही पद्धत तिच्या दुखापतीच्या कितीतरी आधीपासून बसवत आणली होती, आणि त्यांच्याच हाताखाली सनफ्लॉवर्समध्ये अपराजित हंगाम खेळलेली ती, पळायला कमी पडणारी नव्हे. खरं एवढंच की डिसेंबरच्या त्या आठवड्यात सनफ्लॉवर्सच्या मुली नाइलाजाने जे खेळल्या, त्याचं मोठं रूप जुलै-ऑगस्टमध्ये दिसलं. आणि मर्यादाही तीच दिसली: अमेरिकेच्या उंच खेळाडूंसमोर बास्केटखाली जपानला उत्तर नव्हतं. त्यातलं काही उत्तर ज्या एका बाईकडे होतं, ती बाहेर होती. अंतिम सामना रिकाम्या साइतामा सुपर अरेनात झाला. साइतामा, म्हणजे तिचाच प्रांत.

सनफ्लॉवर्सकडे परत येऊ. तोकाशिकी पुढच्या हंगामात मैदानात आली. डिसेंबर 2021 मध्ये सम्राज्ञी चषक पुन्हा त्यांचाच, सलग नववा. पण लीगच्या अंतिम फेरीत ते पोहोचलेच नाहीत. तिथे टोयोटाने फुजित्सूला हरवून दुसरं विजेतेपद घेतलं. म्हणजे ती परतल्यावरही जुनं परतलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा इथे आहे, आणि तो गुडघ्याचा नाही. अकरा वर्षं इतर संघ हरणारच असं धरून खेळत होते. एकदा तो समज तुटला की उंची तीच, पण वजन कमी होतं. वर मियाझावा फुजित्सूत निघून गेली. नंतर हायाशीही तिकडेच. डिसेंबर 2020 चा मंडप ज्यांनी हलता ठेवला त्यांतल्या दोघी आता समोरच्या बाजूला.

तरी एप्रिल 2023 मध्ये सनफ्लॉवर्सने एकदा परतफेड केलीच. अंतिम फेरी टोयोटाशी. आता टोयोटाच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक म्हणून युको ओगा, म्हणजे एकेकाळची त्यांचीच शिन. एक सामना यांचा, एक त्यांचा. तिसरा ठरलेल्या वेळेत सुटला नाही, जादा वेळेत गेला आणि सनफ्लॉवर्सने तो काढला. चार हंगामांनी लीग परत मिळाली, एकूण तेविसावं विजेतेपद. अकरांपैकी बहुतेक विजेतेपदं समोरच्यांनी मनाने आधीच देऊन टाकलेली असत. हे तसं नव्हतं, म्हणून मला हेच त्यांच्या सगळ्या विजेतेपदांत जास्त मोलाचं वाटतं.

त्यानंतर मात्र घडी विस्कटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सम्राज्ञी चषक देन्सोने पहिल्यांदा जिंकला, माकी ताकादाच्या संघाने. लीग 2024 मध्ये फुजित्सूकडे गेली, सोळा वर्षांनी. त्या फुजित्सूत माचिदा होती, मियाझावा होती, हायाशी होती. आणि 2024 मध्येच, चौदा वर्षं एकाच संघात काढल्यावर, रामू तोकाशिकीने सनफ्लॉवर्स सोडला. ती आयसिनकडे गेली, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या, टोयोटाच्याच गटातल्या कंपनीच्या संघात. तो आइची प्रांतातला, जिथे ती शाळेत असताना खेळत होती.